तोंडातले खिळे

खिळेकाकांचं खरं नाव विचारलं तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, आणि उरलेले निम्मे चुकीचं सांगतील. त्यांच्या तोंडात दिवसभर खिळे असायचे म्हणून ते खिळेकाका. खुर्च्या-सोफ्यांचं जुनं कापड उतरवायचं, आतला बसलेला माल काढून नवा भरायचा आणि वर नवं कापड चढवायचं, हा त्यांचा धंदा. या कामात एका हाताने कापड ताणून धरावं लागतं, दुसऱ्या हातात हातोडी असते, मग खिळा धरायला तिसरा हात आणायचा कुठून? तर तोंड. बारीक, चपट्या डोक्याचे मूठभर खिळे गालात भरायचे, जिभेने एकेक फिरवून ओठांवर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने तो उचलायचा आणि ठक्. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. काकांना मात्र त्याचा भारी अभिमान होता. उभ्या आयुष्यात एक खिळा पोटात गेला नाही असं ते सांगायचे, अर्थात तोंड रिकामं असेल तेव्हा.

काकूंनी लग्नानंतर पहिलं भांडण याच गोष्टीवरून काढलं होतं आणि ते अजून संपलेलं नव्हतं. "एक दिवस जीव जाईल तुमचा," असं त्या म्हणायच्या. काका तोंड भरलेलं असल्यामुळे उत्तर द्यायचे नाहीत, आणि संसार चालू राहायचा.

दुकानात दुसरा माणूस म्हणजे काथ्या. कुत्र्याला माणूस म्हटलं म्हणून कुणी नाक मुरडू नये, त्याला दुकानात ग्राहकांपेक्षा जास्त मान होता. कुणीतरी रस्त्यावर टाकून दिलेला सोफा काकांनी लाकडासाठी ओढत आणला होता. त्याचा तळ फाडला तर आतल्या काथ्यात काथ्याच्याच रंगाचं एक पिल्लू गाढ झोपलेलं. काकांनी सोफा मोडला आणि पिल्लू ठेवलं. नावाचा विचार करावाच लागला नाही.

पाळायचं तर नीट पाळायचं, हा काकांचा बाणा होता. परवाना, गळ्यातला बिल्ला, वर्षाच्या वर्षाला लस, जंताचं औषध, कशात कसूर नाही. शेजारच्या कापडवाल्याने आपल्या कुत्र्याची लस चुकवली तेव्हा काकांनी भर रस्त्यात त्याची हजेरी घेतली होती. "खायला घालता म्हणजे उपकार करता का? त्याचं दुखणंखुपणंही तुमचंच आहे!" या खर्चासाठी दुकानात पत्र्याचा एक डबा होता. प्रत्येक खुर्चीमागे त्यात थोडे पैसे पडायचे. त्याला काथ्याचा डबा म्हणत. लस झाली की डबा रिकामा व्हायचा, पुन्हा भरायला लागायचा. आपण जबाबदार माणूस आहोत असं काकांना वाटायचं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

संध्याकाळचा एक रिवाज होता. काम थांबवायची वेळ झाली की काका गालात उरलेले खिळे एकेक करून त्याच डब्याच्या झाकणात थुंकायचे. टण्. टण्. टण्. टेबलाखाली झोपलेला काथ्या तो आवाज ऐकला की उठायचा, पुढचे पाय ताणून आळस द्यायचा आणि घराच्या दिशेने चालू पडायचा. त्याआधी मांजर दाखवा, बिस्किट दाखवा, तो हलायचा नाही. काका मागून शटर ओढायचे.

या सुखी संसारात मिठाचा खडा एकच, मेहुणा. काकूंचा हा धाकटा भाऊ, घरातलं नाव बाळ, आता पोट सुटलेला आणि गाडीतून फिरणारा. तरुणपणी तो काकांच्याच दुकानात हातोडी धरायला शिकला होता. पहिल्याच आठवड्यात त्याने एक खिळा गिळला. काकूंनी त्याला केळी खाऊ घालून घालून तो खिळा बाहेर काढला, आणि बाळने तेव्हाच ठरवलं की हे काम तोंडाने करायचं नाही. पुढे त्याने गावाबाहेर सोफ्यांचा कारखाना काढला. तिथे खिळे नाहीत, हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका आहेत. फट् फट् फट्, की सोफा तयार. काकांच्या मते तो सोफा नव्हता, कापडात गुंडाळलेली घाई होती. पण बाळ दर वेळी घरी आला की म्हणायचा, "भाऊजी, बंद करा ती खोपटी. माझ्याकडे या. जुन्या घडणीच्या खुर्च्या करायच्यात मला, गोल पाठीच्या. तुमच्यासारखा हात नाही कुणाचा." आणि काका दर वेळी नाही म्हणायचे. त्यांना कुणाची नोकरी करायची नव्हती. भाडं आणि दोन वेळचं जेवण सुटेल एवढं दुकान देत होतं, आणि टेबलाखाली काथ्या होता.

एके सकाळी काथ्याने बशीकडे पाहून तोंड फिरवलं. दुपारी ओकला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात यायला निघाला आणि अर्ध्या वाटेत बसला. पाठ कमानीसारखी उचलून, मान खाली घालून नुसता बसला. काकांनी त्याला उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. काकू मागून चपला ओढत धावत आल्या.

दवाखाना छान होता. खुर्च्या मात्र कुणीतरी बंदुकीने ठोकलेल्या होत्या, कापड कोपऱ्यांत सैल पडलं होतं. एवढ्या काळजीतही काकांच्या डोळ्यांना ते दिसलंच. आपण कसले माणूस आहोत, असं त्यांना स्वतःबद्दल वाटलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि कमी बोलायच्या. त्यांनी काथ्याचं पोट दाबलं, काथ्या कण्हला, आणि बाईंनी त्याला एक्स-रेसाठी आत नेलं. थोड्या वेळाने त्यांनी दोघांना बोलावून उजेडावर धरलेला फोटो दाखवला. पोटाच्या करड्या सावलीत चार पांढऱ्या रेघा होत्या, प्रत्येकीला एक चपटं डोकं. तीन शेजारी शेजारी. चौथी थोडी पुढे, आडवी.

"हा आतड्याच्या तोंडाशी रुतलाय," बाई म्हणाल्या. "भोक पडायच्या आत काढायला हवा. खाली पडलेले गिळले असतील का याने?"

"दुकानभर तेच तर असतात," काकू म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं यांना!"

दुकानात जमिनीवर खिळा नसायचा. रोज संध्याकाळी ते दोरीला बांधलेलं लोहचुंबक जमिनीवरून फिरवायचे, कोपरान् कोपरा, ते काथ्यासाठीच. काकांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. ते तीन शेजारी शेजारी बसलेले खिळे त्यांनी कुठेतरी असेच बसलेले पाहिले होते.

आणि मग त्यांना आठवलं.

परवा चहाच्या वेळी एक ग्राहक बाई आरामखुर्चीचं विचारायला आल्या होत्या. काकांच्या गालात खिळे होते, एका हातात चहा, दुसऱ्या हातात पाव. बोलायचं तर खिळे काढायला हवेत. एरवी काका ते फोमच्या तुकड्यात टोचून ठेवत, म्हणजे घरंगळत नाहीत. फोम हाताशी नव्हता. पाव होता, मऊ, तसाच. त्यांनी खिळे पावात टोचले, एका ओळीत, नीट. बाईंशी बोलणं लांबलं. कापडाचा रंग, खुर्चीचे पाय, बाईंच्या मुलीची पाठदुखी. आणि बोलता बोलता हात सवयीने टेबलाखाली गेला, कारण चहाच्या पावाचा शेवटचा तुकडा रोज काथ्याचा असायचा. काथ्या चावत कधीच नसे. धन्याने दिलेलं तो सरळ गिळायचा. बाई गेल्यावर काकांनी नवी मूठ गालात भरली आणि काम पुढे चालू केलं होतं.

"ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टरबाई सांगत होत्या. "आजच. नाहीतर..." त्या थांबल्या. "नाहीतर त्याच्या वेदना वाढण्याआधी इंजेक्शन देता येईल. झोपेचं. तेही मी सांगायला हवं."

"ऑपरेशन," काका म्हणाले.

"विमा काढला होता का त्याचा?"

कुत्र्याचा विमा निघतो हे काकांना आजच कळत होतं. त्यांनी स्वतःचाही काढला नव्हता.

काउंटरवरच्या मुलीने आकडा सांगितला. मग तोच आकडा कागदावर लिहून कागद त्यांच्याकडे फिरवला, कारण पहिल्यांदा ऐकून कुणाला तो खरा वाटत नसे. अर्धे आत्ता, अर्धे कुत्रा घरी नेताना. काकू दुकानात जाऊन काथ्याचा डबा घेऊन आल्या आणि त्यांनी तो काउंटरवर उपडा केला. मुलीने मोजायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तो डबा म्हणजे आकड्याचं शेपूटसुद्धा नव्हतं.

"हप्ते?" काकांनी डॉक्टरबाईंना विचारलं. नाक मुठीत धरून विचारलं.

"माझा दवाखाना असता तर दिले असते," बाई म्हणाल्या, आणि त्या खरं बोलत होत्या हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मी इथे नोकरी करते. पैसे भरल्याशिवाय ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडत नाही. त्याला दुखू नये म्हणून मी काहीतरी देऊन ठेवते. पण संध्याकाळपर्यंत थांबू नका."

काकांनी फोन लावायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे कामाचे पैसे राहिले होते त्यांना लावले. एकाने उचलला नाही. एकाने पुढच्या महिन्यावर बोट दाखवलं. आरामखुर्चीवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, पण खुर्ची अजून झालेली नाही ना?" आणि त्यात त्यांचं काय चुकलं? कापडवाल्याने मनापासून हळहळ व्यक्त केली आणि शेवटी म्हणाला, "काका, खायला घालणं सोपं असतं हो." काकांनी फोन ठेवला. आपणच दिलेली कानउघाडणी अशी साभार परत आली होती.

काचेच्या दारापलीकडे काथ्या टेबलावर पडून होता. त्याने काकांना पाहून शेपूट एकदा हलवलं. तो प्राणी आपल्यावर नाराज नाही, त्याला काही कळलेलंच नाही, हे त्यांना सहन होईना. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ते परत येऊन सैल कापडाच्या खुर्चीवर बसले. उठले. काउंटरपर्यंत गेले, पुन्हा बसले. दुकान भाड्याचं. कापड शिवायचं यंत्र विकलं तर काम कशावर करणार? बँकेत जायचं तर दारातला पहारेकरीच हसेल. प्रत्येक वाटेने ते मनातल्या मनात धावत जात होते आणि याच खुर्चीवर परत येत होते. भिंतीवर एका हसऱ्या कुत्र्याचं चित्र होतं आणि खाली 'जबाबदार मालक, निरोगी प्राणी' असं लिहिलं होतं. काकांनी त्याच्याकडे पाठ केली.

"मी बाळला फोन केलाय," काकू हळूच म्हणाल्या.

काकांनी मान वर केली. ओरडावं असं त्यांना वाटलं, पण कशाच्या जोरावर ओरडायचं?

बाळ लगेच आला. हेच तर वाईट होतं. त्याने आढेवेढे घेतले असते, दोन टोमणे मारले असते, तर काकांना त्याचा राग तरी करता आला असता. तो धापा टाकत आत आला, काचेतून काथ्याकडे बघून "अरेरे" म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले.

"ताई, तू काळजी करू नकोस. सगळे मी भरतो. आत्ताचे आणि नंतरचेही."

"परत करीन मी," काका म्हणाले.

"कशातून, भाऊजी?" बाळने अगदी मऊ आवाजात विचारलं. "दुकानातून?"

काकांनी हातातला आकड्याचा कागद दुमडला.

"रागावू नका. मी व्याजबट्ट्याची भाषा करत नाहीये. तुम्ही माझ्याकडे या, एवढंच. सोमवारपासून. पगारातून थोडं थोडं कापून घेऊ, तुम्हाला कळणारही नाही. मला गोल पाठीच्या खुर्च्यांची मोठी मागणी आलीये आणि माझ्याकडची पोरं पाठ गोल करायला गेली की टोपली होते. मला तुम्ही हवे आहात. गरज माझी आहे."

"आणि दुकान?"

"दोन ठिकाणी कसं बसणार? भाडं तरी वाचेल."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पण किती वर्षांपासून त्यांना हेच हवं होतं, हे काकांना माहीत होतं. दर महिन्याला ठरलेला पगार. दुखलंखुपलं तर रजा. त्यात गैर काय होतं?

"काथ्या येईल माझ्याबरोबर," काका म्हणाले. "टेबलाखाली पडून असतो. कुणाला त्रास नाही त्याचा."

बाळ हसला, मग काका हसत नाहीयेत हे पाहून थांबला. "भाऊजी, कारखाना आहे तो. हवेच्या नळ्या, करवती, गोंदाच्या टाक्या. तपासणीला माणसं येतात. कुत्रा दिसला तर मला टाळं लावतील. ते माझ्या हातात नाही हो. घरी ताई आहेच की त्याच्याजवळ."

काकांनी काचेकडे पाहिलं. काथ्याचं शेपूट आता हलत नव्हतं. कुत्रा वाचवायचा तर दुकान द्यायचं. दुकान दिलं की काथ्या दिवसभर एका बाजूला आणि आपण दुसऱ्या. आणि दुकान ठेवलं, तर त्या टेबलाखाली कुणी नसणारच. तिसरी वाट शोधत ते आणखी थोडा वेळ बसले, कारण माणूस बसतो. मग म्हणाले, "भर पैसे."

बाळने भरले. काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे केला. 'मालकाची सही' असं छापलं होतं तिथे काकांनी सही केली.

डॉक्टरबाई हातमोजे चढवत बाहेर आल्या. "एक शेवटचं. लोखंड फोटोत दिसतं. दोरा, फोम, कापड दिसत नाही. असं काही गेलं असेल तर मला सगळं आतडं चाचपून पाहावं लागेल, म्हणजे तेवढा जास्त वेळ भूल. त्याचं वय बघता मला ते टाळायचंय. तुम्हाला काही अंदाज?"

अंदाज? काकांना सगळं माहीत होतं. बाळ शेजारी उभा होता, काकू शेजारी होत्या. गप्प बसलं असतं तर कुणाला कधी कळलं नसतं. फक्त काथ्या थोडा जास्त वेळ टेबलावर पडला असता.

"दुसरं काही नाही," काका म्हणाले. "चारच खिळे आणि पाव. मी दिला त्याला. माझ्या तोंडातले खिळे मी पावात टोचून ठेवले होते आणि तोच तुकडा मी त्याला खाऊ घातला."

डॉक्टरबाईंनी मान हलवली, "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लागलं.

बाळने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणून मी बंदूक बंदूक म्हणत होतो, भाऊजी." मग त्याला स्वतःलाच वाईट वाटलं असावं. "माझाही गेला होता की. केळ्यांवर निघाला."

काकांनी आयुष्यभर त्या बंदुकांना नावं ठेवली होती. ज्या कसबाच्या जोरावर ते बाळला नाही म्हणत आले, त्याच कसबाने काथ्याला टेबलावर आणलं होतं.

काकू ओरडतील याची काका वाट बघत होते. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "आजपासून तोंडात खिळा घालायचा नाही. काथ्याची शपथ घ्या."

"शपथ," काका म्हणाले.

काथ्या वाचला. त्याच्या पोटावर उसवण शिवल्यासारखे टाके आले आणि ते चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. दिवसभर तो त्या भोंग्यासकट दारांना आपटत घरभर फिरायचा. डॉक्टरबाईंनी निघताना एक इवलीशी बाटली काकांच्या हातात दिली होती. आत धुऊन पुसलेले चार खिळे. "लोक मागतात आठवण म्हणून," त्या म्हणाल्या. काकांनी बाटली शर्टाच्या खिशात टाकली आणि तिथेच राहू दिली. शर्ट बदलला की बाटलीही नव्या खिशात जायची.

दुकान रिकामं करायला फार वेळ लागला नाही. आरामखुर्ची काकांनी पुरी केली, खिळे हातात धरून, आणि एका साध्या खुर्चीला कधी नव्हे एवढा वेळ लागला. दोनदा अंगठ्यावर हातोडी बसली. मग यंत्र बाळच्या टेम्पोत गेलं, जुना माल भंगारवाल्याकडे, किल्ली मालकाकडे. शटरला मालकाने आपलं कुलूप लावलं. रिकामा पत्र्याचा डबा काकूंनी घरी नेला आणि त्यात बिस्किटं भरली.

सोमवारी सकाळी काका नेहमीच्या वेळी निघाले. काथ्या भोंगा हलवत दारात तयार. काकूंनी त्याचा पट्टा धरला तेव्हा त्याने आधी त्यांच्याकडे आणि मग काकांकडे पाहिलं, आणि वाट पाहू लागला. काहीतरी गफलत झालीये, ती आता दूर होईल असं त्याला वाटत असावं. काका बसथांब्याकडे वळले, दुकानाच्या उलट दिशेला. मागे वळून पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. कोपऱ्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं.

कारखान्यात सगळे अदबीने वागले. बाळने स्वतः फिरून सगळं दाखवलं, "हे माझे गुरू" म्हणून ओळख करून दिली, खिडकीजवळची जागा दिली. बंदूक हलकी होती आणि एकदाही चुकली नाही. गोल पाठ काकांनी पहिल्याच झटक्यात बसवली आणि पोरं बघायला जमली. काकांची जीभ मात्र सारखी डाव्या गालात जाऊन काहीतरी शोधत होती. मधल्या सुट्टीत त्यांनी चहाबरोबर पाव खाल्ला. शेवटचा तुकडा राहिला तेव्हा त्यांचा हात टेबलाखाली गेला आणि तिथे थांबला. शेजारच्या कारागिराने वाकून पाहिलं. "काही पडलं का, काका?"

"नाही," काका म्हणाले, आणि तो तुकडा त्यांनी खिशात घातला.

संध्याकाळी बसमधून उतरले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, काकू दुपारीच कुत्र्याला घेऊन गेल्यात, आल्या नाहीत. काकांना विचारावं लागलं नाही. ते जुन्या दुकानाकडे निघाले, आधी चालत, मग जवळजवळ पळत.

बंद शटरसमोर पायरीवर काकू बसल्या होत्या. शेजारी पत्र्याचा डबा. आणि शटरला पाठ लावून भोंग्यात तोंड घालून काथ्या.

"फिरायला नेला तर ओढत इथे आणलं मला," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "तेव्हापासून हलत नाही. बिस्किटं दाखवली, ओरडले, शेवटी रडलेसुद्धा. उचलायला जावं तर टाके दुखतील त्याचे. काय करू मी?"

"चल रे, काथ्या," काका म्हणाले.

काथ्याचं शेपूट जमिनीवर जोरजोरात आपटलं. त्याने काकांचा हात चाटला, हाताला येणारा गोंदाचा वास पुन्हा पुन्हा हुंगला. पण तो उठला नाही. काकांनी खिशातला पावाचा तुकडा काढला, चारी बाजूंनी तपासला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, आणि पुन्हा डोकं टेकवून काकांच्या तोंडाकडे बघत राहिला.

तो कशाची वाट बघतोय ते काकांच्या लक्षात आलं. दिवस अजून संपलाच नव्हता. संपल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते पायरीवर बसले. शर्टाच्या खिशातून बाटली काढली, तिचं बूच उघडलं आणि चारही खिळे तळहातावर घेतले.

"अहो," काकू म्हणाल्या. "शपथ घेतलीत तुम्ही."

"हो," काका म्हणाले, आणि त्यांनी खिळे तोंडात टाकले.

काकू आणखी काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी काथ्याकडे पाहिलं. त्याने कान टवकारले होते. मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि नवऱ्यापुढे धरलं.

टण्. काथ्याने मान उचलली. टण्. टण्. चौथा खिळा काकांनी जिभेवर जरा जास्त वेळ ठेवला, आणि मग तोही थुंकला. टण्.

काथ्या उठला. टाक्यांना जपत त्याने पुढचे पाय ताणले, भोंग्यासकट अंग झटकलं, आणि घराच्या दिशेने चालू पडला.

काका पायरीवरच होते. समोर दुसऱ्याचं कुलूप लावलेलं शटर होतं, आणि उद्या सकाळी पुन्हा बस होती. काकूंनी झाकणातले खिळे वेचले, पदराला पुसले, एकेक करून बाटलीत भरले आणि बाटली काकांच्या खिशात घातली.

"चला," त्या म्हणाल्या. "आणि हे सांभाळून ठेवा. उद्याही लागतील."